दोन्हीकडे एकशे ब्याण्णव

गांधीबागेतल्या दुकानात मोठे, शालिकराम पौनीकर.
वाडीच्या गोडाऊनवर धाकटे, गुणवंत.
मध्ये बारा किलोमीटर, एक कोर्टातली केस
आणि पाच वर्षं न झालेलं बोलणं.

स्टॉक मात्र एकच.
एल्बो, टी, बेंड, दीड इंची व्हॉल्व्ह,
कुणाचे किती हे ठरेपर्यंत
एकाच वहीत राहणार, असं वकिलांनी लिहून दिलंय.
वही आता कॉम्प्युटरात, कॉम्प्युटर गांधीबागेत,
म्हणून मी.

मे महिना. डांबर चपलेला धरून ठेवतं.
कूलरच्या ताट्यांतून ओला वास, पंपाची खरखर.
शालिकराम बॅगकडे बघतात, मग माझ्याकडे:
"तुम्हीच करून राहिल्या का हे, का कोणी येते मागून?"
मीच, म्हणते. वासनिक. नेटवर्कवाली.

त्यांना व्हीपीएन समजावते.
रस्ता सगळ्यांचा, पण त्यातून
एक बोगदा फक्त तुमचा.
"म्हणजे पाइपात पाइप," ते म्हणतात.
नऊ वर्षांत इतकं नेमकं मलाही सुचलं नव्हतं.

राऊटरचं पान उघडते.
पासवर्ड ॲडमिन. अर्ध्या नागपूरचा हाच असतो.
फर्मवेअर बापाच्या वेळचं.
नवं चढायला सात मिनिटं,
तोवर लाइट जाऊ नये म्हणून
ते आणि मी, दोघंही पंख्याकडे बघत.

मग चावी.
दोन्ही टोकांना तीच अक्षरं लागतात,
आधीच वाटून घेतलेली, मी म्हटलं,
आणि वाटून या शब्दाशी
त्यांच्या हातातली सुपारी थांबली.
"त्याले तुम्हीच सांगसान?"
सांगते.
व्हॉट्सॲपवर नाही, चिठ्ठीवर नाही,
बावीस अक्षरं तोंडात धरून
दुपट्ट्यानं तोंड बांधून
व्हेरायटी चौक, लॉ कॉलेज, रविनगर,
प्रत्येक लाल दिव्याला पुटपुटत
अमरावती रोडनं वाडी.

गुणवंत उभेच होते.
अक्षरं टाकली. हिरवा ठिपका लागला.
बोगदा तयार.
आणि आतून काहीच जाईना.

पिंग. उत्तर नाही.
पिंग. नाही.
केबल बघितली, फायरवॉल बघितलं, स्वतःला शिव्या घातल्या.
पाऊण तासानं दिसलं:
दोन्हीकडे एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक.
दोन्ही राऊटर एकाच दुपारी
सीताबर्डीतून आणलेले, बाप होता तेव्हा,
जसे आले तसेच लावलेले.
गांधीबागेचं पाकीट वाडीला निघतं
आणि उंबऱ्यातच थांबतं;
त्याला वाटतं, जायचं ते घर हेच.

एकानं आकडा बदलायचा. एकाचे दोन. बस.
"तिकडचा बदला," गुणवंत.
फोन लावला. "तिकडचा बदला," शालिकराम.
"मोठा मी, मी काऊन बदलू?"
"गोडाऊन आधीचं, मी काऊन?"
दोन्ही वाक्यं माझ्यामार्फत,
मीच तो बोगदा, दुपारी साडेतीनला,
चव्वेचाळीस डिग्रीत.

मी चहा मागितला.
दोन्हीकडची पानं माझ्यासमोर उघडी होती.
चहा येईपर्यंत एक आकडा बदलला,
एक प्रिंटर, एक कॅमेरा समजावून घेतला.
कुणाचा, ते बिलात लिहिलेलं नाही.
इथंही लिहीत नाही.

चौदा मिलिसेकंद.

गुणवंत खुर्चीत बसले.
पाच वर्षांत पहिल्यांदा भावाचं दुकान
ओळीओळीनं खाली सरकत गेलं.
चष्मा कपाळावर, बोट काचेवर.
"पाऊण इंची एल्बो संपत आले त्याच्याकडचे,"
म्हणाले, कुणालाच नाही.
मग पोराला हाक मारली:
"दोन बोरे टाक रे टेम्पोत. गांधीबाग."
"चिठ्ठी फाडू?"
"काऊन बे? चढते म्हणे आता आपोआप."